जुना कॉम्पॅक्ट कॅमेरा तपासताय? या चुका टाळा

जुन्या कॉम्पॅक्ट कॅमेऱ्यांना सध्या पुन्हा बरे दिवस आलेत. कपाटात पडून असलेले इक्सस, सायबर-शॉट, कूलपिक्स बाहेर निघतायत आणि कॉलेजची पोरं ते हौसेनं विकत घेतायत. हौसेबद्दल माझी काही तक्रार नाही. तक्रार आहे ती त्यानंतर माझ्या फोनवर येणाऱ्या फोटोची. रात्री दहा वाजता ट्यूबलाइटखाली हातात धरून काढलेला, पडद्याचा नाहीतर झोपलेल्या मांजराचा एक फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर येतो आणि खाली प्रश्न असतो, "काका, क्वालिटी कशी आहे?" व्हॉट्सअ‍ॅपनं तो फोटो आधीच दाबून बारीक केलेला असतो. त्यावरून मी काय कपाळ सांगणार? मूळ फाइल डॉक्युमेंट म्हणून पाठवा, मग बोलू.

भिंतीवरचा पेपर

ही चाचणी सगळ्यांना माहीत असते आणि सगळ्यात जास्त वाट हिचीच लागते. छोट्या जाहिरातींचं पान भिंतीला चिकटवायचं, फोटो काढायचा आणि चारही कोपऱ्यांतली अक्षरं सारखी स्वच्छ येतात का बघायचं. लेन्स आतून जरा जरी सरकलेली असली तरी एखादा कोपरा धुरकट येतो. चाचणी उत्तम आहे. फक्त कॅमेरा भिंतीला अगदी समांतर हवा, आणि "सरळच तर धरलाय" हे कोणाच्याही तोंडून ऐकलं की मी ते खरं धरत नाही.

आमच्या सोसायटीतल्या एका मुलानं एक इंची सेन्सरचा कॅमेरा सेकंडहँड घेतला. (सेन्सर म्हणजे लेन्सच्या मागची, उजेड टिपून फोटो बनवणारी चिप; 'एक इंची' ही साध्या कॉम्पॅक्टमधल्या चिपेपेक्षा बरीच मोठी.) फोटोची उजवी बाजू धुरकट येते म्हणून दुकानात जाऊन दोन-तीनदा भांडला. दुकानदारानं स्वतः फोटो काढून दाखवला, तर तो चांगला. मग स्वारी माझ्याकडे आली. म्हटलं, तुझी चाचणी कशी करतोस ते तुझ्याच घरी दाखव. डायनिंग टेबलावर पुस्तकांची थप्पी, तिच्यावर कॅमेरा, झूम पूर्ण पुढे. समोर मीटरभर अंतरावर भिंतीला सेलोटेपनं आडवं लावलेलं एकच पान, त्याच्या वरच्या दोन टोकांनाच टेप. आणि डोक्यावर पंखा फुल स्पीडवर! पानाची उजवी कड श्वास घेतल्यासारखी वर-खाली होत होती. वर टेबलही भिंतीला तिरकं.

एवढ्या जवळून, पूर्ण झूमवर, अ‍ॅपर्चर (लेन्समधलं उजेड आत सोडणारं छिद्र) मोठं ठेवलं तर स्पष्ट दिसणारा पट्टा जेमतेम दोन-तीन सेंटिमीटर जाडीचा उरतो. पान तेवढं पुढे-मागे झालं की अक्षरं गेलीच. (छोट्या सेन्सरचा साधा कॅमेरा वाइडला, म्हणजे झूम पूर्ण मागे, असेल तर थोडा तिरकेपणा खपून जातो. तिथे ही चूक करूनही लोक वाचतात, आणि तीच सवय पुढे मोठ्या सेन्सरला नडते.)

पंखा बंद केला. चार पानं जोडून चारी बाजूंनी टेप मारली, कॅमेरा ट्रायपॉडवर चढवून दोन मीटर मागे नेला. मग पानांच्या मध्यावर एक लहान सपाट आरसा भिंतीला अगदी चपटा बसेल असा चिकटवला. स्क्रीनवर ग्रिडच्या रेघा चालू करायच्या आणि आरशात कॅमेऱ्याचीच लेन्स बघायची. ती बरोबर चौकटीच्या मध्यभागी दिसली की कॅमेरा समांतर झाला. पट्टी, लेव्हल, फोनमधलं अ‍ॅप, काही लागत नाही. मी दर वेळी हेच करतो.

उजवी बाजू लख्ख आली. पोरगा खूश झाला, पण मी सगळे कोपरे बघत होतो. खाली डावीकडे 'पाहिजेत'च्या रकान्यातल्या वेलांट्या एकमेकींत मिसळलेल्या. कॅमेरा आडव्याचा उभा केला, आरशानं पुन्हा जुळवला, पुन्हा फोटो. धुरकटपणा कागदावरची जागा सोडून चौकटीच्या त्याच कोपऱ्याबरोबर फिरला. तो कागदावर जिथल्या तिथे राहिला असता तर दोष भिंतीचा. कोपऱ्याबरोबर फिरला म्हणजे लेन्सचा. कॅमेरा कधीतरी पडला असणार. तर माल खरोखरच सदोष होता, पण भलत्याच बाजूला. आम्ही दुकानात गेलो तर दुकानदार म्हणाला, "परवा उजवीकडे, आज डावीकडे? उद्या वरती दाखवाल." कॅमेरा बदलून मिळाला नाही. आधी आरसा लावून मग भांडला असता तर मिळाला असता, असं मला आजही वाटतं.

रात्रीची ट्यूबलाइट

साध्या कॉम्पॅक्टमधला सेन्सर साधारण ६.२ × ४.६ मिलिमीटरचा, करंगळीच्या नखापेक्षाही लहान. घरातल्या रात्रीच्या उजेडात तो उपाशीच राहतो. ऑटोवर ठेवलेला कॅमेरा मुकाट्यानं आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) ८०० नाहीतर १६०० ला नेतो, त्यानं फोटोत दाणे येतात, शटर १/८ सेकंदावर येतं, हात हलतो. वर दाणे लपवायला कॅमेरा आतल्या आत फोटो पुसून काढतो, त्यात केस आणि कापडाचा पोत दोन्ही जातात. एवढं सगळं एका फोटोत कोंबून "लेन्स खराब आहे" असा निकाल देतात. हललेला हात, चढलेला आयएसओ आणि लेन्स यांतलं कुठलं काय, हे त्या फोटोवरून ब्रह्मदेवही सांगू शकणार नाही.

मी सकाळी, ऊन थेट पडत नाही अशा गॅलरीत तपासतो. आयएसओ कमीत कमी, म्हणजे ८० किंवा १००, ट्रायपॉड, दोन सेकंदांचा टायमर, स्टॅबिलायझेशन (हललेला हात सावरून घेणारी सोय) बंद. ट्रायपॉड नसेल तर तांदळाची पिशवीही चालते. कमी उजेडातली कामगिरी बघायचीच असेल तर ती वेगळी बघा: तोच देखावा, तोच ट्रायपॉड, आयएसओ १००, २००, ४०० असं चढवत. घरच्या दिव्यांखाली शटर १/५० किंवा १/१०० ठेवा. आपली वीज ५० हर्ट्झची, बरेच दिवे सेकंदाला शंभरदा लुकलुकतात. त्याहून वेगवान शटरला एक फोटो उजळ, एक काळपट किंवा पट्ट्यांचा येतो आणि बिचाऱ्या कॅमेऱ्यावर आळ येतो.

एफ-एटचं खूळ

"सगळ्यात शार्प फोटो एफ/८ ला" हे वाक्य डीएसएलआरच्या व्हिडिओंतून उचललेलं असतं. (एफचा आकडा म्हणजे अ‍ॅपर्चरचं माप; आकडा मोठा तितकं छिद्र बारीक.) तिथे ते बरंचसं खरं आहे. छोट्या सेन्सरच्या कॉम्पॅक्टवर एफ/८ ला प्रकाश बारीक छिद्रातून पसरतो आणि अख्खा फोटो मऊ पडतो. अशा कॅमेऱ्याची उत्तम अवस्था बहुधा एफ/२.८ ते एफ/४ च्या आसपास असते. शिवाय बऱ्याच स्वस्त कॉम्पॅक्टमध्ये लहान-मोठं होणारं अ‍ॅपर्चर नसतंच. उजेड जास्त झाला की आत एक काळसर फिल्टर पुढे सरकतो आणि स्क्रीनवर एफ/८ सारखा आकडा दिसतो. मग "एफ/८ ला तपासलं" म्हणणाऱ्यानं नक्की काय तपासलं?

काही चुकांना एकेक ओळ पुरे. लेन्सवर बोटाचा ठसा असताना तपासू नका; निम्म्या 'धुरकट' तक्रारी रुमालानं सुटतात, म्हणजे स्वच्छ रुमालानं. डिजिटल झूम बंद करा. फोटोचा आकार सर्वांत मोठा आणि दर्जा 'फाइन'वर ठेवा, जुन्या मालकानं कार्डात जागा वाचवायला तो खाली आणलेला असतो. एसीतून कॅमेरा थेट बाहेर काढून लगेच फोटो काढू नका, मुंबईच्या हवेत काचेवर वाफ धरते. फोकस एकदाच करून निकाल देऊ नका. मधला फोकस पॉइंट ठेवून दर वेळी नव्यानं बटण अर्धं दाबत तीन फोटो काढा आणि सर्वांत चांगला धरा.

मागच्या स्क्रीनवर बघून "मस्त आहे" म्हणणाऱ्यांना तर कोपरापासून नमस्कार. २.३ लाख डॉटचा स्क्रीन म्हणजे, एका पिक्सेलला तीन डॉट धरून, फक्त ३२० × २४० पिक्सेल. त्यावर सगळंच मस्त दिसतं. याच्या उलट दुसरी जमात, कॉम्प्युटरवर शंभर टक्के मोठं करून दाणे मोजणारी. १२ मेगापिक्सेलचा फोटो फुल एचडी मॉनिटरवर तसा उघडला की एका वेळी त्याचा फक्त सहावा भाग दिसतो. दोष शोधायला ते ठीक, पण १० मेगापिक्सेलचा कॅमेरा २० वाल्याशी असा जोडून बघू नका. दोन्ही फोटो आधी एकाच मापाला आणा. ए-फोर कागदावर ३०० डीपीआयनं (इंचाला ३०० ठिपके) छापायला पावणेनऊ मेगापिक्सेल पुरतात.

सीसीडीच्या, म्हणजे जुन्या कॅमेऱ्यांतल्या जुन्या पद्धतीच्या सेन्सरच्या, 'फिल्मसारख्या' रंगांवर मी वाद घालत नाही. रंग बराचसा आतल्या प्रोसेसिंगचा असतो, पण आवडतो ना, मग घ्या. एवढंच बघा की २००२ ते २००४ च्या सुमारास बनलेल्या काही सीसीडींमध्ये आतल्या जोडण्या उष्णतेनं आणि दमटपणानं सुटायच्या. फोटो जांभळा, रेघारेघांचा किंवा थेट काळा यायचा. २००५ मध्ये बऱ्याच कंपन्यांनी त्या फुकट दुरुस्त करून द्यायचं जाहीर केलं होतं. आज तेवढ्या जुन्या कॅमेऱ्याला फुकट कोण हात लावणार? म्हणून त्या काळातला कॅमेरा दहा-पंधरा मिनिटं चालू ठेवून, गरम झाल्यावर पुन्हा फोटो काढून बघा. कोकणात राहिलेला असेल तर बाजूनं टॉर्च मारून लेन्समध्ये बुरशीचे धागे आहेत का तेही. शेवटी झूम पूर्ण पुढे करून मोकळ्या आकाशाचा एक फोटो घ्या. करडे ठिपके दिसले तर धूळ आत गेलीय, आणि कॉम्पॅक्ट उघडून साफ करायची मजुरी कॅमेऱ्याच्या किमतीच्या आसपास जाते. तेवढे पैसे कमी करून मागा, नाहीतर तिथेच ठेवून या.