चवथीनंतर जुन्या जावा-येझदी मोटरसायकलची टाकी उघडताना

गोव्यात चार महिने पाऊस आणि वर खारा वारा. उभ्या गाडीची टाकी आतून गंजणारच. अर्धी रिकामी ठेवली तर आणखी लवकर, कारण मोकळ्या जागेतल्या दमट हवेचं पाणी होऊन पत्र्यावर बसतं. इथेनॉलमिश्रित पेट्रोल तर ओलावा स्वतःच ओढतं.

हा गंज काढायला टाकी उतरवा, पेट्रोल काढा, कॉक (टाकीखालचा पेट्रोलचा नळ) सोडवून तिथे रबरी बूच घट्ट बसवा. बाहेरच्या रंगाला आणि क्रोमला व्हॅसलीन चोपडा. ओघळ पडला की डाग राहतो. मूठभर जुने नट-स्क्रू आत टाकून दहा मिनिटं हलवा. टाकताना मोजा! एक जरी आत राहिला तर जन्मभर खुळखुळेल.

आता लिटरभर गरम पाण्याला 100 ग्रॅम लिंबूसत्त्व, असं टाकी काठोकाठ भरेल एवढं द्रावण करा. झाकण लावू नका, आत वायू तयार होतो. 12 तासांनी आत टॉर्च मारून बघा: पत्रा राखाडी दिसला की पुरे, उगाच दोन दिवस ठेवलं तर पत्राच खाल्ला जातो. हार्डवेअरवाला मुरिअॅटिक (हायड्रोक्लोरिक) ॲसिड सुचवेल, त्याच्या नादी लागू नका.

खायच्या सोड्याच्या पाण्याने धुवा, मग साध्या पाण्याने दोनदा. खरी गडबड इथे होते. ओला पत्रा अर्ध्या तासात पुन्हा तांबूस होतो, म्हणून लगेच ब्लोअरने वाळवा आणि 100 मिली टू-टी ऑइल (टू-स्ट्रोक इंजिनाचं तेल) आत फिरवा. कॉकची जाळी नवीच घाला.