ब्लूप्रिंटवरून फायर ब्रिगेडसाठी डिजिटल नकाशा करताय? या चुका टाळा

ठाण्यातल्या एका सोसायटीचा नकाशा आम्ही महिनाभर खपून केला होता. मॉक ड्रिलला वॉचमनने ठरल्याप्रमाणे फोन केला, "चौथ्या मजल्यावर धूर आहे." जवान टॅबवर आमचा नकाशा बघत जिन्याने चार मजले चढले आणि पोहोचले पार्किंगमध्ये! तळमजल्याच्या वर चार पोडियम (पार्किंगचे मजले), त्यावर रहिवाशांचा 'पहिला' मजला. आम्ही मजले जमिनीपासून मोजले होते. रहिवाशांचा चौथा म्हणजे आमचा आठवा. ड्रिल होतं म्हणून हसण्यावारी गेलं.

तेव्हापासून काम सुरू करताना मी आधी लिफ्टमधल्या बटणांचा फोटो काढतो. प्रत्येक मजल्याला दोन रकाने ठेवा: एकात जमिनीपासूनचा क्रम, दुसऱ्यात बटणावर असेल तेच नाव. तेरावा मजला टाळून '१२ए' केला असेल, तर नकाशातही '१२ए'च. विंगचंही तसंच. मंजूर नकाशात 'इमारत क्र. २' असते, पण घाबरलेला माणूस फोनवर 'बी विंग' म्हणूनच ओरडणार.

दुसरी चूक जवळजवळ सगळेच करतात: मंजूर नकाशा म्हणजेच इमारत असं समजायचं. आधी हातातला संच कुठला ते बघा. बांधकाम चालू असताना नकाशे दोन-तीनदा तरी सुधारून मंजूर होतात आणि सोसायटीच्या कपाटात बहुधा पहिलाच सापडतो. ओसीसोबतचा (भोगवटा प्रमाणपत्रासोबतचा) शेवटचा संच मिळवा, आणि तो हातात घेऊन इमारत पायी फिरा. रेफ्युज एरियात (आगीत रहिवाशांनी थांबायच्या मोकळ्या जागेत) जिमची मशिनं असतात. जिन्याच्या दाराला कुलूप असतं आणि किल्ली सेक्रेटरींकडे, सेक्रेटरी गावाला. बाल्कनीला ग्रिल लागलेली असते, म्हणजे शिडी लावूनही तिथून माणूस बाहेर काढता येणार नाही. हे सगळं नकाशात यायला हवं, कुणाला आवडो न आवडो. गच्ची तर कागदावर नुसता रिकामा चौकोन असते. २९ डिसेंबर २०१७ ला लोअर परळच्या कमला मिल्समध्ये गच्चीवरच्या पबमध्ये आग लागली आणि १४ जणांचा जीव गेला. गच्चीवर शेड, ताडपत्री, सिलिंडर जे असेल ते जाऊन बघा.

मापं चुकतात ती अशी

ए१ कागदावरचा १:१०० चा नकाशा कुणीतरी ए३ वर छापून दिलेला असतो. कोपऱ्यात अजून १:१०० च लिहिलेलं, पण प्रत्यक्षात तो १:२०० झालेला. म्हणून कोपऱ्यातल्या आकड्यावर जाऊ नका. जागेवर एखादं लांब अंतर, बाहेरच्या दोन कॉलममधलं, लेझरने मोजा आणि त्यावरून स्केल बसवा. दाराच्या रुंदीवरून बसवलंत तर दोन सेंटिमीटरची चूक इमारतभर पसरते. जुनी अमोनिया प्रिंट (नकाशाची जुन्या पद्धतीची कागदी प्रत) सगळीकडे सारखी ताणली जात नाही, तेव्हा निदान चारही कोपरे जागेवरच्या मापांशी जुळवा.

ऑटोकॅडची फाइल बहुधा मिलिमीटरमध्ये असते. ती मीटर समजून उघडलीत की ३० मीटरची इमारत ३० किलोमीटरची होते. ही चूक निदान लगेच दिसते. अक्षांश-रेखांश उलटे टाकले तर ठाण्याची इमारत नॉर्वेच्या उत्तरेला समुद्रात जाऊन बसते, तेही दिसतं. न दिसणारी चूक उत्तर दिशेची. आर्किटेक्टने कागदावर मावावी म्हणून इमारत सरळ फिरवलेली असते, त्यामुळे सॅटेलाइट चित्रावर गेट कुठल्या रस्त्याला आहे ते जुळवल्याशिवाय पुढे जाऊ नका. यूटीएम (पृथ्वीचे झोन पाडून मीटरमध्ये जागा सांगायची पद्धत) वापरत असाल तर मुंबई-पुण्याला झोन ४३, नागपूरला ४४.

जुन्या फाइलीतला मराठी मजकूर युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये असतो. तुमच्याकडे तो फॉन्ट नसेल तर 'मीटर रूम'च्या जागी नुसता कचरा दिसतो. तो दुरुस्त करत बसू नका, नव्याने टाइप करा.

काय ठेवायचं

फर्निचर, टाइल्सचं हॅचिंग, मापांच्या रेघा, संडासातली भांडी सगळं उडवा. उरायला हवेत जिने (जागेवर रंगवलेल्या क्रमांकासकट), फायर लिफ्ट, हायड्रंट (आगीसाठीचे नळ), राइझरला (पाणी वर नेणाऱ्या उभ्या पाइपला) बाहेरून पाणी जोडायची जागा, पाण्याच्या टाक्या, मीटर रूम, जनरेटर आणि पाइप गॅसचा मुख्य व्हॉल्व्ह. पोडियमवर गाडी चढवता येते का, हेही स्पष्ट लिहा. नॅशनल बिल्डिंग कोड ४५ टनांच्या गाडीचा हिशोब धरतो, आणि तुमचा स्लॅब तेवढा पेलतो का, हे बंब उभा राहिल्यावर शोधायची गोष्ट नाही.

नकाशा लिंकवर ठेवून लॉगिन मागू नका. बेसमेंटमध्ये रेंज नसते. साधी पीडीएफ टॅबमध्ये उतरवलेली असावी आणि एक लॅमिनेट केलेली प्रत गेटवरच्या केबिनमध्ये, तारखेसकट. सोसायटीला जानेवारी आणि जुलैमध्ये फॉर्म बी (आगीची यंत्रणा चालू असल्याचा परवानाधारक एजन्सीचा दाखला) द्यावाच लागतो. एजन्सीचा माणूस त्यासाठी पंप तपासायला येतो, त्याच दिवशी नकाशा घेऊन त्याच्यासोबत फिरा. मागच्या जुलैत आम्हाला असंच कळलं, की सी विंगचा जिना क्रमांक २ आता एका दुकानाच्या गोदामात उघडतो.