दिवस राहिल्यावर कोणती गोळी कधी घ्यायची

मी पुणे जिल्ह्यातल्या एका गावात आशा सेविका आहे. पंधरा वर्षं झाली. पाळी चुकल्याची खबर ज्या घरातून येते, तिथं माझी पिशवी जाते. गोळ्या देऊन वहीत टिक मारणं सोपं असतं. त्या पोटात कशा जाताहेत, हे बघायला मात्र पुन्हापुन्हा उंबरा चढावा लागतो.

हे मी एका वस्तीवरच्या सुनेकडून शिकले. तिचं हिमोग्लोबिन ८.९ होतं. एकही गोळी चुकवत नव्हती, रिकाम्या पट्ट्या जपून ठेवलेल्या. महिन्यानं तपासलं तर ९. मी विचारलं, "कशी घेतेस गं?" म्हणाली, "ताई, विसरायला नको म्हणून दोन्ही एकदमच घेते, रात्री दुधाबरोबर." लोह आणि कॅल्शियम एकत्र पोटात गेले की लोह नीट अंगी लागत नाही. तिनं सगळं मनापासून केलं होतं. दोन्हींत अंतर ठेवायचं, हे मी तिला सांगायला हवं होतं.

म्हणून आता मी पहिल्याच भेटीत वेळ ठरवून देते. चौथा महिना लागला की रक्तवाढीची लाल गोळी रोज एक, १८० दिवस. तिच्यात ६० मिलिग्रॅम लोह आणि अर्धा मिलिग्रॅम फॉलिक ॲसिड असतं. रात्रीच्या जेवणानंतर दोन तासांनी, झोपताना, लिंबूपाण्याबरोबर घ्या. चहा तिच्या आधी तासभर नको आणि नंतरही नको. कॅल्शियमची गोळी ५०० मिलिग्रॅमची, दिवसातून दोन, सकाळच्या आणि संध्याकाळच्या जेवणासोबत. दोन्हींत किमान दोन तासांचं अंतर हवंच. थायरॉईडची गोळी चालू असेल तर ती पहाटे उपाशीपोटी घ्या, आणि लोह-कॅल्शियम तिच्यापासून चार तास लांब ठेवा.

शौचाला काळं होतं, मळमळतं, म्हणून बऱ्याच जणी गोळी सोडतात. काळं होणं लोहामुळंच असतं, घाबरू नका. मळमळ फार असेल तर दोन घास खाऊन घ्या, पण बंद करू नका. गोळीनं बाळ काळं होतं, बाळ मोठं होऊन बाळंतपण अडतं, असं सासूबाई सांगतात. त्यांच्या समोर बसून मी सांगते की असं काही होत नाही. सासूबाईंना पटलं तर निम्मं काम झालं, कारण गोळीची आठवण पुढं त्याच करतात.

हिमोग्लोबिन ११ च्या खाली असेल तर डॉक्टर रोज दोन गोळ्या सांगतात. महिनाभरात एक ग्रॅमही वाढलं नाही तर मोठ्या दवाखान्यात दाखवा, थांबू नका. ७ च्या खाली असेल तर त्याच दिवशी जा.

आता बी-१२ या जीवनसत्त्वाबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण आमच्या लाल गोळीत ते नसतं. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून जवळच्या सहा गावांतल्या गरोदर बायका आणि त्यांची मुलं वर्षानुवर्षं तपासली. बाळांचं सरासरी वजन २.७ किलोच्या आसपास, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची बाळं ३.५ किलोची. पण आपली बाळं नुसती बारीक नव्हती. हातापायांवर मांस कमी आणि कातडीखालची चरबी मात्र जवळजवळ तेवढीच. अशी बाळं पुढं साखरेच्या आजाराकडं लवकर झुकतात. त्या आयांपैकी साधारण दोनतृतीयांश जणींना बी-१२ कमी होतं. मुलं सहा वर्षांची झाल्यावर दिसलं की ज्यांच्या आईच्या रक्तात फॉलेट, म्हणजे फॉलिक, जास्त आणि बी-१२ कमी होतं, त्यांच्या शरीरात इन्सुलिनला दाद न देण्याचं प्रमाण सगळ्यांत जास्त होतं. २००८ साली हे छापून आलं.

याचा अर्थ फॉलिक सोडा असा अजिबात नाही. बाळाच्या पाठीच्या कण्याची आणि मेंदूची घडी पहिल्या अठ्ठावीस दिवसांत बसते. तेव्हा तर पाळी चुकल्याचंही नीट कळलेलं नसतं. म्हणून मूल हवं असं ठरलं की आधीपासूनच फॉलिकची छोटी, ०.४ मिलिग्रॅमची गोळी सुरू करा आणि पहिले तीन महिने चालू ठेवा. ५ मिलिग्रॅमची गोळी मात्र दुकानातून आपल्या मनानं आणू नका. ती त्याच्या बारा पटींहून मोठी आहे आणि ठरावीक बायकांनाच डॉक्टर देतात. माळकरी घर असेल, अंडं-मासा वर्ज्य असेल, दूधही बेतानंच येत असेल, तर डॉक्टरांना सरळ विचारा: माझं बी-१२ तपासायचं का, गोळी लागेल का? पालेभाजीत बी-१२ नसतं. ते दूध, दही, ताक, अंडी, मासे, मटण यांतूनच येतं. गाय दारात असून सगळं दूध डेअरीला घालणाऱ्या घरात मी एवढंच मागते की एक पेला सुनेसाठी ठेवा.

आणि ताट. त्याच सहा गावांत ज्या बायका पालेभाजी, फळं आणि दूध जास्त वेळा खात होत्या, त्यांची बाळं अंगानं भरलेली निघाली. मुंबईच्या वस्त्यांमध्ये २००६ पासून सहा हजारांवर बायकांना दिवस राहण्याआधीपासून रोजचा एक खाऊ दिला गेला. काहींच्या खाऊत पालेभाजी, फळ, दूध होतं, बाकीच्यांच्या खाऊत बटाटा-कांदा. दूध-भाजीच्या गटात गरोदरपणातला मधुमेह १०० तपासलेल्या बायकांत ७ जणींना झाला, दुसऱ्या गटात १२ जणींना. तीन महिने आधीपासून खाणाऱ्यांच्या बाळांचं वजनही थोडं वाढलेलं होतं. मेथी, चाकवत, राजगिरा, शेपू, जे रानात असेल ते चालतं. आधी धुवा, मग चिरा, आणि पाणी ओतून देऊ नका.

महागडे पावडरचे डबे बायका मला दाखवतात. मागचा तक्ता वाचा. साखर वरच्या ओळीत असेल तर त्या पैशात अंडी आणा.

साखरेची तपासणी पहिल्या भेटीत आणि पुन्हा २४ ते २८ आठवड्यांत करून घ्याच. ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजतात आणि दोन तासांनी रक्त घेतात. १४० किंवा वर आलं तर लगेच डॉक्टरांना भेटा. आईची साखर वाढलेली राहिली तर बाळाच्या अंगावर ती चरबी होऊन बसते, आणि त्यावर लोह-कॅल्शियमच्या गोळ्या उतारा नाहीत.

बाळंतपणानंतर पुन्हा १८० दिवस लाल गोळी आणि कॅल्शियम. इथं सगळ्यांत जास्त जणी सोडतात, कारण घरातली सगळी नजर बाळाकडं वळलेली असते.

मी बाळाला बघायला जाते तेव्हा घरात दहावी-बारावीतली एखादी नणंद असतेच. तिला मी शाळेतल्या आठवड्याच्या, लोह-फॉलिकच्या निळ्या गोळीचं विचारते, कारण तयारी लग्नाआधीच लागते. त्या सहा गावांत तपासलेल्या बायकांची मुलं-मुली मोठी झाल्यावर, २०१२ पासून, त्यांनाच रोज २ मायक्रोग्रॅम बी-१२ देऊन बघितलं गेलं, लग्नाच्या आधी. मी नणंदेला म्हणते, निळी गोळी घेतेस ना गं, का दप्तरात पडलीय? बहुतेक वेळा ती आत जाऊन गोळी घेऊन येते आणि मी समोर बसून पाणी मागते.