बॅले शिकणाऱ्या मुलांची उडी उंच कशी होईल?

उडीचा जोर प्लिएमधून, म्हणजे उडीआधी गुडघे वाकवण्यातून येतो. गुडघे वाकवताना टाच जमिनीवरच हवी. ती उचलली गेली की पोटरी पुरती ताणली जात नाही. तळाशी थांबूही नका, स्नायूंत साठलेला जोर विरून जातो.

बारवरच्या, म्हणजे आधाराचा आडवा दांडा धरून केलेल्या संथ सरावाने तोल आणि ताबा सुधारतो. उंचीसाठी मात्र पूर्ण ताकदीच्या मोजक्या उड्या लागतात. अंग गरम झाल्यावर ६ उड्यांचे ३ सेट, आठवड्यातून २ दिवस, मध्ये ४८ तासांचं अंतर. दोन सेटमध्ये २ मिनिटं विश्रांती द्याच, नाहीतर तो नुसता दमसासाचा सराव होतो.

उतरताना आधी बोटं, मग चवडा, शेवटी टाच. गुडघे पावलांच्या रेषेत. धप्प आवाज येऊ लागला की सेट तिथेच थांबवा. वाढत्या वयात टाच किंवा गुडघ्याखालचं हाड दुखत असेल तर उड्या बंद ठेवून डॉक्टरांना दाखवा.