नोटिशीत नेमकं काय शोधायचं?

ब्रिटनमध्ये एखाद्या कारखान्यात नोकरी धरण्याआधी किंवा त्याला काम देण्याआधी हेल्थ अँड सेफ्टी एक्झिक्युटिव्हच्या (कामाच्या ठिकाणची सुरक्षा बघणारी सरकारी संस्था) सार्वजनिक नोंदवहीत त्याचं नाव टाकून बघा. नियम मोडणाऱ्यांना दिलेल्या नोटिसा तिथे असतात. फुकट आहे, पाच मिनिटांचं काम. नुसती नोटीस दिसली म्हणून दचकू नका. कोणतं कलम मोडलं ते वाचा. घातक पदार्थांसाठी २००२ चे ‘कॉश’ नियम आहेत. त्यातला नियम ७ म्हणजे धूळ, धूर, वाफा कामगाराच्या नाकापर्यंत पोचू न देणं. नियम ९ म्हणजे त्यासाठी बसवलेली यंत्रणा नीट राखणं. वेल्डिंगचा धूर ओढणाऱ्या यंत्रणेची कसून तपासणी साधारणपणे दर १४ महिन्यांच्या आत व्हावी लागते. ती राहिली, तर पंखा फिरतोय पण धूर तिथेच, असंही असू शकतं.

‘सुधारणा’ नोटिशीत दुरुस्तीला मुदत असते, ‘मनाई’ नोटिशीत ते काम थांबवायचं असतं. दुसरी जास्त गंभीर, हे उघडच आहे.

आणि हो, नाव सापडलं नाही म्हणजे सगळं आलबेल असं नव्हे. अपिलाला २१ दिवस असतात, त्यामुळे ताजी नोटीस लगेच दिसत नाही. दुकानं, गोदामं बहुधा स्थानिक कौन्सिलकडे येतात. त्यांची नोंदवही वेगळी, तिथे स्वतंत्र विचारावं लागतं.