नदीतलं मूळ, शेतातला दगड आणि फिश टँक: या चुका टाळा

पाऊस ओसरला की माझ्या फोनवर फोटो यायला लागतात. रविवारी बेळगावहून डबा बांधून असोग्याला किंवा जांबोटीच्या बाजूला गेलेला माणूस परत येताना नदीकाठचं एखादं वाकडंतिकडं मूळ आणि चार गोटे डिकीत टाकून आणतो. सोमवारी ते टँकमध्ये जातं आणि गुरुवारी मला मेसेज येतो, "मामा, पाणी चहागत झालंय बघा. मासे मरायचे न्हाईत न्हवं?"

नाही मरत. लाकडातलं टॅनिन पाण्यात उतरतं म्हणून पाणी तांबूस होतं. टेट्रा, एंजल असल्या माशांना ते सोसतं, उलट मानवतं. डोळ्यांना खटकत असेल तर पाणी थोडं थोडं बदला, फिल्टरमध्ये ॲक्टिव्हेटेड कार्बन घाला. पहिले दोन-तीन आठवडे लाकडावर पांढरा बुळबुळीत थर येतो, त्यालाही भिऊ नका. जुन्या टूथब्रशनं काढा, नाहीतर गोगलगायींवर सोपवा. या दोन गोष्टींसाठी मला रात्री अकराला फोन करू नका.

फोन करण्यासारखं काय असतं ते मी स्वतःच्या घरात बघितलंय.

तीन फुटी टँक होता, पंधरा इंच रुंद, दीड फूट उंच. म्हणजे काठोकाठ भरला तर साधारण दीडशे लिटर पाणी. गणपती आठ-दहा दिवसांवर आलेले आणि पाहुणे यायच्या आत टँक सजवायची मला घाई. गेल्या उन्हाळ्यात नदीवरून आणलेला बुंधा गच्चीवर पडून खडखडीत वाळलेला. टँकमध्ये सोडला तर तो बुचासारखा वर. दगड ठेवला, दगड घसरला. मग मला अक्कल सुचली. बुंध्याचं रुंद अंग पुढच्या आणि मागच्या काचेच्या मध्ये बरोबर बसत होतं. खाली दाबला, घट्ट अडकला, वर यायचं नाव नाही. मी स्वतःवरच खूश.

बेळगावात राहून मला हे कळायला हवं होतं. जूनमध्ये पाऊस लागला की आमचं मागचं दार फुगतं आणि खांद्यानं ढकलल्याशिवाय लागत नाही. लाकूड लांबीला फारसं वाढत नाही, आडवं फुगतं. आणि मी ते नेमकं आडवं अडकवलं होतं.

आठव्या रात्री हॉलमधून 'टक्' असा आवाज आला. उंदीर असेल म्हणून मी कूस बदलली. मग आईची हाक. पुढच्या काचेला वरपासून खालपर्यंत तडा आणि त्यातून पाण्याचा पडदा. शहाबादी फरशीवरून पाणी थेट मखराच्या पुठ्ठ्यापर्यंत. चार एंजल हाताला लागेल त्या घागरीत टाकले. आई त्या गडबडीतसुद्धा म्हणाली, "आता या घागरीतलं पाणी कोण पिणार रे?" मासे जगले. मखर गेलं, काच गेली, आणि ती घागर अजून माळ्यावर आहे.

तेव्हापासून माझी सवय सांगतो. लाकूड आणि काच यांच्यात दोन बोटं तरी जागा सोडायची. आणि जे लाकूड स्वतःहून बुडत नाही ते टँकमध्ये जात नाही. गच्चीवर एक निळं पिंप आहे, त्यात लाकूड बुडवून वर पाट्याचा जुना दगड ठेवतो. दोन-तीन दिवसांनी पाणी बदलतो. मनगटाएवढं मूळ तीन आठवड्यांत तळाला बसतं, जाड बुंध्याला दोन महिनेसुद्धा लागतात. उकळलं तर काम लवकर होतं, किडे मरतात, रंगही बराच उतरतो. मी मोठ्या स्टीलच्या पातेल्यात दोन-दोन तास, पाणी बदलून तीनदा उकळतो. न्हाणीघरातल्या तांब्याच्या हंड्यात उकळू नका. सोयीचा वाटतो, खरं तांबं पाण्यात उतरलं की कोळंबी आणि गोगलगायी आधी जातात, मग मासे. लाकूड दगडाला तांब्याच्या तारेनं बांधणारेही बघितलेत. नायलॉनचा दोरा पाच-दहा रुपयांत मिळतो की.

"मामा, दोन महिने कोण थांबणार?" असं विचारणाऱ्यानं प्लॅस्टिकचं लाकूड घ्यावं. खरंच. मी रागानं म्हणत नाही.

कुठलं लाकूड? पेरूचं मूळ मला सगळ्यात आवडतं, घट्ट असतं आणि फांद्या देखण्या. ओलं, चीक असलेलं कुठलंच नको. अंगठ्याचं नख रुतलं तर ते कुजलेलं, टाकून द्या. साल पूर्ण काढा, नाहीतर तीच नंतर सुटून फिल्टरमध्ये अडकते. कण्हेर, शेर, बिब्बा आणि आपल्याकडच्या रानात सापडणारा काजरा यांच्या वाटेला जाऊ नका. काजऱ्याच्या बियांत स्ट्रिकनीन असतं, एवढं सांगितलं तरी पुरे. झाड ओळखता येत नसेल तर लाकूड आणू नका. सेंटरिंगच्या फळ्यांना ऑइल फासलेलं असतं आणि सुताराकडच्या तुकड्याला कधी पॉलिश, कधी वाळवीचं औषध. दोन्ही बाद. उसाच्या पाटात अडकलेलं लाकूडही मी घेत नाही, त्या पाण्यात कसली फवारणी उतरली असेल सांगता येत नाही. भीमगड अभयारण्याच्या हद्दीतून तर काडीही उचलायची नाही, 1972 च्या वन्यजीव कायद्याखाली तो गुन्हा आहे.

आता दगड. इथं माझा जीव सगळ्यात जास्त जळतो तो कडप्प्यासाठी.

वडगावचा एक पोरगा, कॉलेजात शिकणारा. निऑन टेट्रा आणायचा, पंधरा दिवसांत निम्मे मरायचे. पाण्याचा पीएच, म्हणजे आम्लपणा मोजायचा आकडा, आठच्या वर. पीएच उतरवायचं औषध घातलं की दोन दिवस खाली, मग परत वर. औषधाची दुसरी बाटली संपत आली तेव्हा माझ्याकडे आला. मी जाऊन बघितलं तर मूळ बुडावं म्हणून त्यानं खाली एक काळीभोर फरशी बांधलेली. "ही कुठली रे?" म्हटलं. "किचन ओट्याचा तुकडा उरला होता, मामा. काळा दगडच की!"

काळा आहे, खरं काळा पाषाण नव्हे. आपला काळा पाषाण म्हणजे बेसॉल्ट, तो पाण्याला काही करत नाही. कडप्पा हा चुनखडक. शहाबादीही तसाच, संगमरवरही त्याच जातीचा. चुनखडक पाण्यात हळूहळू विरघळतो, पाणी जड होतं म्हणजे त्यातले क्षार वाढतात, पीएच चढतो. आणि हा पोरगा वरून आम्ल ओतत होता, म्हणजे पीएच थोडा वेळ उतरायचा आणि फरशी आणखी विरघळायची. पैसे घालून तो स्वतःच दगड विरघळवत होता. फरशी काढली, तीन आठवडे थोडं थोडं पाणी बदललं, पीएच जागेवर आला. (मॉली, गप्पी किंवा आफ्रिकन सिक्लिड पाळणाऱ्याला हाच कडप्पा चालेल. त्यांना जड पाणी आवडतं.)

तपासायचं असं. दगडाचा कोपरा हातोडीनं उडवा आणि ताज्या तोंडावर व्हिनेगर टाका. फसफसलं तर त्यात चुना आहे. ओट्याच्या कडप्प्याला पॉलिश असतं, वर घरोघरी तेल पुसलेलं असतं, त्यामुळे वरच्या अंगावर टाकून "काही झालं नाही" म्हणू नका. बुडबुडे दिसले नाहीत तर दगड कानाशी धरा, बारीक चरचर ऐकू येते. शंका असेल तर खिळ्यानं खरवडून निघालेल्या भुकटीवर थेंब टाका, काही खडक भुकटी झाल्यावरच फसफसतात. बेसॉल्टमध्ये पांढरे डाग किंवा खडे दिसले तर त्या पांढऱ्यावरही टाका, तिथं कॅल्साइट, म्हणजे चुनखडकातलंच खनिज, भरलेलं असू शकतं. व्हिनेगरऐवजी लिंबावर भरवसा ठेवू नका.

गोकाककडचा गुलाबी क्वार्टझाइट मिळाला तर सोनं समजा, कठीण आणि निरुपद्रवी. जांभा मात्र नको. फसफसत नाही, पण हात लावाल तसा सुटतो आणि टँकभर तांबडा गाळ.

दगड उकळू नका, गॅसवर किंवा चुलीत तर बिलकूल ठेवू नका. आत मुरलेल्या पाण्याची वाफ झाली की तो फुटून तोंडावर येऊ शकतो. ब्रशनं घासा, वरून कडकडीत पाणी ओता, उन्हात वाळवा.

साबण, भांड्यांची पावडर, व्हार्निश: नाही, नाही, नाही.

मोठा दगड वाळूवर ठेवू नका. आधी काचेवर थर्माकोलचा पातळ तुकडा, त्यावर दगड, मग भोवती वाळू. मासे वाळू उकरतात आणि दगड कलंडतो.

शेवटचं काम जुन्या पायमोज्याचं. टँकमध्ये ठेवण्याआधी लाकडावरून, दगडावरून तो फिरवायचा. जिथं धागा अडकेल तिथं माशाचा पर फाटणार. तेवढी जागा कानशीनं घासायची, आणि मोजा परत फिरवायचा.