पाच फर्नांडिस, एक पार्सल

मला गोव्यात येऊन आता 20 वर्षं होतील. सांगलीहून आलो, मडगावात एका कुरियरवाल्याकडे लागलो आणि तिसऱ्याच दिवशी पार्सल चुकवलं. वर लिहिलेलं मारिया फर्नांडिस, खाली गावाचं नाव, बस्स. गावात शिरलो तर एक म्हातारे गृहस्थ बाल्कांवात, म्हणजे दारापुढच्या बैठकीच्या ओट्यावर, बसून पेपर वाचत होते. फर्नांडिसांचं घर विचारलं. चष्म्यावरून बघत म्हणाले, "हांवूय फर्नांडिस, तोय फर्नांडिस. तुका खंयचो जाय?" म्हणजे मीही फर्नांडिस, तोही फर्नांडिस, तुला कुठला हवा? त्या वाड्यावर, म्हणजे गावातल्या त्या वस्तीत, पाच घरं फर्नांडिसांची! मी आपला पहिली मारिया भेटली तिची सही घेऊन मोकळा झालो. खरी मारिया दोन दिवसांनी ऑफिसात भांडायला आली. तिला मारिया म्हणणारं गावात कोणीच नव्हतं, सगळ्यांना ती पियेदाद म्हणून ठाऊक.

म्हणून नव्याने येणाऱ्याला माझं पहिलं सांगणं: पत्ता घेताना वाड्याचं नाव घ्या आणि त्या घराला लोक काय म्हणतात ते विचारा. आडनाव ऐकलं की माणसाचं गाव, जात, नातीगोती मनात मांडून टाकायची आपल्याला खोड असते. इथे तो हिशेब हमखास चुकतो.

फर्नांडिस म्हणजे पोर्तुगीज रक्त, हा तर ठरलेला गैरसमज. पोर्तुगीज अंमलात बाप्तिस्मा घेताना पाद्रीचं नाहीतर धर्मपित्याचं आडनाव मिळायचं. त्यामुळे एकाच गावात ना नात्याचे ना गोत्याचे असे ढीगभर फर्नांडिस. अर्थ साधाच, फर्नांदोचा मुलगा. रॉड्रिग्ज हा तसाच रोद्रिगोचा. परेरा म्हणजे नाशपातीचं झाड. लोबो म्हणजे लांडगा. आपल्याकडे लांडगे आहेतच की! मला सगळ्यात आवडतं ते झेवियर. मूळचं ते स्पेनमधल्या नाव्हारातल्या एका गढीचं नाव, बास्क भाषेत अर्थ 'नवं घर'. म्हणजे जुन्या गोव्याच्या संत फ्रान्सिस झेवियरांचं नाव मराठीत करायचं तर सरळ नवघरे.

हिंदू आडनावांतला 'कर' आपल्या ओळखीचा, पण तोही फसवतो. वेर्णेकर भेटले म्हणून त्यांचं घर वेर्ण्यात असेल असं धरू नका. 16व्या शतकात गोव्यातल्या सासष्टी-तिसवाडी तालुक्यांतली देवळं पाडली जाऊ लागली तेव्हा लोक देव उचलून फोंड्याकडे गेले, कारण तिथे तेव्हा पोर्तुगीजांची सत्ता नव्हती. वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळला आली, कुठ्ठाळीचा मंगेश प्रियोळला. पिढ्या फोंड्यात गेल्या, आडनावात मात्र सोडून आलेलं गाव राहिलं. मास्टर दीनानाथांचं मंगेशकर याच्या उलट, ते देवाच्या नव्या ठिकाणावरून, मंगेशीवरून घेतलेलं.

भाडेकरार करताना मालकाचा जुना कागद हातात आला तर दचकू नका. पोर्तुगीज स्पेलिंगमध्ये शेणवीचा सिनाय होतो, कामतचा कामोतीम, प्रभूचा पोरोब. रोमन 'एक्स' दिसला की 'श' वाचायचा. मी एकदा कारकुनाची चूक समजून एका देसाईंच्या नावातला जादा 'एस' खोडला होता. अख्खा करार नव्याने टाईप करावा लागला, स्टँपपेपरचे पैसे माझ्या खिशातून. तेव्हा स्पेलिंग जसं आहे तसंच उतरवा. बोलताना उलट, कागद विसरा. João सारख्या नावाच्या शेवटी नाकातला 'आंव' येतो: जुआंव, बोस्त्यांव. 'जोआओ' म्हणालात की तुम्ही भायले, म्हणजे बाहेरचे, हे लगेच कळतं.

फॉर्मवरच्या मधल्या नावाचंही तसंच. आपण तिथे बापाचं नाव शोधतो, ख्रिस्ती माणसाची तीन नावं असली तर बहुतेक वेळा तिन्ही त्याचीच असतात. मुसलमान शेजारी असेल तर नुसतं अब्दुल लिहून थांबू नका. अब्दुल म्हणजे अमक्याचा सेवक. कोणाचा, ते पुढच्या शब्दात येतं. अब्दुल रहमान, म्हणजे दयाळूचा सेवक.

हाक मारताना मात्र हा सगळा गुंता लागत नाही. पुरुषाला नावापुढे बाब, बाईला बाय. शांतारामबाब म्हणा, पियेदादबाय म्हणा, कोणाला राग येत नाही. पियेदादबायचा माझ्यावरचा रागही असाच गेला. आता नाताळात तिच्याकडून नेवऱ्या, म्हणजे करंज्या, येतात.

माझं स्वतःचं आडनाव जाधव. वाड्यावर ते कोणाला माहीत नाही, मी सांगलीकार. परवा नवीन कुरियरवाला पोरगा जाधवांचं घर शोधत तासभर फिरला. शेवटी पार्सल शेजारच्या फर्नांडिसांकडे ठेवून गेला.